बिबट्याने शेळी नेली, आता पुढे काय? गोठ्यापासून बँक खात्यापर्यंतची वाट

पुण्यातून जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूरकडे जमीन घेऊन शेळ्या-गायी पाळायला येणारी माणसं वाढली आहेत. विहीर, वीज, रस्ता, सातबारा यांची चौकशी प्रत्येक जण करतो. बिबट्याची चौकशी मात्र पहिली शेळी गेल्यावर सुरू होते. मीही शहरातूनच इथं आले. वनखात्याच्या भरपाईच्या वाटेवरून स्वतः गेले, मग शेजारच्या वस्त्यांवरच्या लोकांचे अर्ज भरून द्यायला बसत गेले. त्यातून जे कळलं ते इथं क्रमाने लिहिते आहे.

आधी थोडं या भागाबद्दल. हे चारही तालुके जुन्नर वनविभागात येतात. कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर इथं ऊस फोफावला. उसात बिबट्याला आडोसा मिळाला, पाणी मिळालं आणि वस्त्यांवर कुत्री, डुकरं, शेळ्या असं खाणं मिळालं. इथले पुष्कळसे बिबटे उसातच जन्मतात आणि उसातच वाढतात. त्यामुळे ‘त्याला भीमाशंकरच्या जंगलात सोडून या’ ही मागणी ऐकायला सोपी वाटली तरी लागू पडत नाही. शेजारच्या अकोले तालुक्यातल्या शेतीच्या पट्ट्यात झालेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ प्रौढ बिबटे आढळले होते. त्याच भागातल्या दुसऱ्या अभ्यासात दिसलं की त्यांच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा होता. तुम्ही जिथं गोठा बांधताय तिथं बिबट्या आहे, असं धरूनच चाला.

माझं ठाम मत असं की भरपाई मिळणार की नाही, याचा निकाल बराचसा मेलेल्या जनावराशेजारी पहिल्या काही तासांतच लागतो. आणि ही भरपाई वेळेवर मिळाली तर तिने बिबट्याही वाचतो. ज्याचं नुकसान भरून येत नाही, त्याच माणसाच्या मनात विषाचा विचार येतो.

१. जनावर आणलं त्याच आठवड्यात करायची कामं

पहिलं काम कानातल्या बिल्ल्याचं. प्रत्येक जनावराच्या कानात १२ आकडी क्रमांकाचा पिवळा बिल्ला असतो आणि त्याची नोंद ‘भारत पशुधन’ प्रणालीत होते. राज्य सरकारने १ जून २०२४ पासून हा बिल्ला सक्तीचा केला आहे. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात जनावर मेलं आणि कानात बिल्ला नसेल, तर भरपाई नाकारली जाऊ शकते. बाजारातून शेळ्या आणणारे नवखे लोक नेमके इथंच अडकतात. जनावराला जुन्या मालकाच्या नावाचा बिल्ला असतो आणि तो तसाच राहतो. जनावर घेतल्यावर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन नोंद आपल्या नावावर करून घ्या. करडांनाही बिल्ले मारून घ्या. झुडपात ओढून बिल्ला पडला असेल तर दुसरा घ्या.

दुसरं, प्रत्येक जनावराचे फोटो काढून ठेवा. एक पूर्ण अंगाचा आणि एक बिल्ल्याचा आकडा वाचता येईल असा. खरेदीची पावती, निदान विकणाऱ्याच्या सहीचा साधा कागद, जपून ठेवा. किंमत ठरवताना त्याचा उपयोग होतो.

तिसरं, आपला वनरक्षक कोण हे शोधा. गावात ‘गार्डसाहेब’ म्हणून विचारलंत तर कुणीही सांगेल. त्याच्यावर वनपाल, त्याच्यावर वनपरिक्षेत्र अधिकारी, म्हणजे रेंजर, मग सहायक वनसंरक्षक, आणि वनविभागात सर्वांत वर उपवनसंरक्षक. तुमच्या गावाचा वनरक्षक, वनपाल आणि रेंज ऑफिस यांचे फोन नंबर गोठ्याच्या भिंतीवरच लिहून ठेवा. वनखात्याची मदतवाहिनी १९२६ आहे. भीमाशंकर अभयारण्याच्या हद्दीला लागून जमीन असेल तर तुमचं गाव प्रादेशिक वनविभागाकडे येतं की वन्यजीव विभागाकडे, हे आधीच विचारून घ्या. घटना घडल्यावर दोन ऑफिसांमधल्या हेलपाट्यात वेळ जातो.

२. सकाळी गोठ्यात रक्त दिसलं तर

सर्वांत महत्त्वाची सूचना हीच: मेलेलं जनावर जागचं हलवू नका. वास येईल, माश्या बसतील, लहान मुलं बघतील, हे सगळं खरं आहे. तरी पंचनामा होईपर्यंत ते जिथं आहे तिथंच राहू द्या. बिबट्याने ते उसात ओढत नेलं असेल तर तिथंच असू द्या. आणि ओढत नेल्याच्या मागावर एकट्याने उसात शिरू नका. बिबट्या शिकारीजवळच बसलेला असण्याची शक्यता मोठी असते. दोघं-तिघं मिळून, मोठ्याने बोलत, कडेकडेने बघा. दाट ऊस असेल तर वनखात्याची माणसं येईपर्यंत बांधावर थांबा.

भोवतीची गर्दी पांगवा. बातमी पसरताच अर्धं गाव जमतं आणि पाऊलखुणा पायदळी जातात. ओल्या मातीत ठसे दिसले तर त्यावर पाटी किंवा घमेलं पालथं घाला. बिबट्याच्या ठशात सहसा नखं उमटत नाहीत, कुत्र्याच्या ठशात उमटतात. हा फरक पुढे फार कामाचा आहे, कारण पंचनाम्यात पहिली शंका मोकाट कुत्र्यांवरच घेतली जाते. बिबट्या बहुधा गळा धरतो. गळ्यावर सुळ्यांची खोल भोकं आणि बाकी अंग बऱ्यापैकी शाबूत, असं चित्र दिसतं. कुत्र्यांच्या टोळीने मारलेल्या शेळीच्या मागच्या मांड्या आणि पोट ठिकठिकाणी फाटलेलं असतं.

आता फोटो. जीपीएसची नोंद पडणारं कॅमेऱ्याचं ॲप मोबाइलमध्ये आधीच घेऊन ठेवा, म्हणजे तारीख, वेळ आणि जागा फोटोवरच उमटते. लांबून एक, ज्यात गोठा किंवा ओळखीचं झाड दिसेल. मग जनावर पूर्ण, गळ्याची जखम, कानातला बिल्ला, ओढत नेल्याची खूण, पाऊलखुणा. ठशाशेजारी काडेपेटी किंवा नाणं ठेवा म्हणजे आकार कळतो. जिथून आत शिरला ती फट किंवा तुटलेली जाळीही घ्या.

जनावर जखमी असून जिवंत असेल तर फोटो नंतर, आधी पशुवैद्यक. जखमी जनावरासाठीही भरपाई आहे, त्यामुळे उपचाराचे कागद ठेवा.

३. कळवणं

घटनेपासून ४८ तासांच्या आत जवळच्या वन अधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक आहे. ४८ तास हा शेवटचा टप्पा समजा. खरं तर सकाळी सातच्या आत फोन व्हायला हवा. उन्हाळ्यात दुपारपर्यंत जनावर फुगतं आणि जखमा ओळखू येत नाहीत.

फोन केला म्हणजे कळवलं, असं मानून बसू नका. त्याच नंबरवर फोटो आणि दोन ओळींचा मजकूर पाठवा: नाव, गाव, गट नंबर, काय मेलं, किती वाजता दिसलं. फोन लागला नाही तर १९२६ वर नोंद करा. आपण वेळेत कळवलं होतं याचा पुरावा तुमच्याच मोबाइलमध्ये राहतो. शनिवार-रविवार किंवा सणाच्या दिवशी घटना घडली की याची गरज पडते. पोलीस पाटील आणि सरपंचांनाही सांगून ठेवा.

४. पंचनामा

वनरक्षक किंवा वनपाल येतात, जागा बघतात, पंचांच्या समोर लिहून घेतात. या तासाभरात तुम्ही त्यांच्याबरोबर उभं राहायलाच हवं. चहा करायला घरात जाऊ नका, ते काम दुसऱ्या कुणावर सोपवा.

पंच म्हणून ज्यांनी सकाळी जागा प्रत्यक्ष बघितली असे शेजारी बोलवा. तुमच्याच घरातले पंच चालवून घेत नाहीत. लिहिलेलं वाचून दाखवायला सांगा आणि मगच सही करा. मी ज्या गोष्टी हमखास तपासते त्या अशा: जनावराचं वर्णन बरोबर आहे का, म्हणजे शेळी की बोकड, वय, गाभण होती का, बिल्ल्याचा क्रमांक आकडा न आकडा जुळतो का, गट नंबर बरोबर आहे का, आणि ‘वन्यप्राणी’ एवढंच लिहून सोडलंय की खुणांवरून ‘बिबट’ असं नोंदवलंय. गाभण शेळीची नोंद ‘शेळी’ एवढीच झाली तर किमतीत फरक पडतो.

एकाच रात्रीत चार-पाच शेळ्या मेल्या असतील तर प्रत्येकीची वेगळी नोंद हवी. बंद गोठ्यात बिबट्या शिरला की घाबरून धावणाऱ्या शेळ्या एकामागून एक मारतो आणि खातो एखादीच. अशा वेळी ‘एक खाल्लेली, बाकीच्या दगावलेल्या’ असं ढोबळ लिहिलं गेलं तर पुढे वाद होतो. प्रत्येक जनावराच्या गळ्यावरच्या खुणा दाखवा.

भरपाईला अटीही आहेत आणि त्या माहीत असलेल्या बऱ्या. अभयारण्यात किंवा राखीव वनात विनापरवाना चरायला सोडलेलं जनावर मेलं तर दावा अडतो. आणि जनावर मेल्यानंतरच्या दिवसांत त्या परिसरात एखादा वन्यप्राणी मेलेला सापडला तरीही अडतो, कारण सूड म्हणून विष घातल्याचा संशय येतो. म्हणून शेजारचा कुणी रागाच्या भरात ‘त्याच मढ्यावर औषध टाकू’ म्हणाला तर त्याला तिथंच थांबवा. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला मारणं हा तुरुंगात नेणारा गुन्हा आहे. शिवाय विष टाकलेलं मांस कुत्री, मुंगसं, घारी सगळेच खातात.

५. पशुवैद्यकाचा दाखला

शवविच्छेदन आणि बाजारभावाचा दाखला पशुधन विकास अधिकारी देतात. बहुतेक वेळा वनपालच त्यांना कळवतात, पण तुम्हीही दवाखान्यात फोन करा. किमतीचं बोलणं इथंच होतं. खरेदीचा कागद, दुधाची नोंद, जात, वेत (म्हणजे कितव्यांदा व्याली) हे सगळं इथं दाखवा. डेअरीत दूध घालत असाल तर तिथलं पुस्तक चांगला पुरावा आहे. हे झाल्यावरच जनावर पुरा. खोल पुरा, नाहीतर कुत्री उकरतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो.

६. अर्जासोबत लागणारे कागद

– वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या नावाचा अर्ज, घटनेची तारीख आणि वेळ घालून
– आधार कार्ड
– बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत, आयएफएससी क्रमांक स्पष्ट दिसेल अशी
– सातबारा किंवा ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला
– पंचनाम्याची प्रत
– शवविच्छेदन अहवाल आणि किमतीचा दाखला
– बिल्ल्याचा क्रमांक आणि फोटो

‘आपले सरकार’ पोर्टलवरूनही अर्ज करता येतो. मी दोन्ही करायला सांगते. ऑनलाइन नोंद असली तरी छापील अर्ज रेंज ऑफिसात देऊन आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. बँकेत आधार जोडलेलं आहे ना, खातं चालू आहे ना, हे बघा. मंजूर झालेले पैसे खातं निष्क्रिय असल्याने परत गेल्याची उदाहरणं आमच्या वस्तीवरच आहेत. जमीन वडिलांच्या नावावर, जनावर मुलाच्या नावावर, खातं सुनेच्या नावावर, असं असेल तर अर्ज बिल्ल्याची नोंद ज्याच्या नावावर आहे त्यानेच करावा.

७. पैसे किती मिळतात

२०२२ मध्ये वाढवलेल्या दरांप्रमाणे गाय, म्हैस किंवा बैल दगावल्यास बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७०,००० रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती मिळते. शेळी-मेंढीसाठी ७५ टक्के किंवा १५,००० रुपये, यांपैकी कमी असेल ती. म्हणजे १२,००० रुपयांच्या शेळीचे ९,००० येतात. २५,००० रुपयांच्या शेळीचे ७५ टक्के १८,७५० होतात, पण हातात १५,०००च पडतात. महागड्या जातीचे बोकड पाळणाऱ्यांनी हा हिशेब नीट करावा आणि पशुधन विमा वेगळा काढावा.

८. दुसरी रात्र, आणि गोठा

बिबट्या अर्धवट राहिलेल्या शिकारीकडे परत येतो. म्हणून त्याच रात्री उरलेली जनावरं दुसरीकडे, पक्क्या जागेत बांधा. अंगणात कुणी झोपू नका.

गोठ्याला चारही बाजूंनी भिंत असून वर मोकळं असेल, तर तो बिबट्यासाठी उघडाच आहे. सात-आठ फूट भिंत तो सहज चढतो. वरून पत्रा किंवा जाड चेनलिंक जाळी हवीच. जाळी खाली जमिनीत पुरलेली असावी. दाराला नुसती दोरी नको, कडी हवी. कोंबड्यांची पातळ जाळी पंजाने फाटते. मेंढपाळांचे वाडे, म्हणजे मेंढ्यांचे तात्पुरते तळ, उघड्यावरच बसतात, त्यांच्या वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, बिबट्या सहज उतरतो. तुमच्या शेतात धनगरांचा वाडा बसणार असेल तर रात्री दिवा आणि जागती माणसं यांची सोय आधी बघा. गोठ्याभोवती तीस-चाळीस फूट तरी ऊस, गवत, पाचट ठेवू नका. मेलेल्या कोंबड्या, हॉटेलचं खरकटं बांधावर टाकणं बंद करा.

पिंजऱ्याबद्दल. पहिली शेळी गेली की गाव पिंजरा मागतं. पिंजरा लावायला राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते आणि हे बंधन योग्यच आहे असं मला वाटतं. २००१ ते २००३ या काळात जुन्नरमध्ये बिबटे पकडून दुसरीकडे सोडायचा धडाका लागला होता. पुढे अभ्यासात दिसलं की त्याआधी वर्षाला सरासरी ४ असलेले माणसांवरचे हल्ले त्या काळात १७ वर गेले. मोकळ्या झालेल्या जागेत नवा बिबट्या येतो आणि अनोळखी मुलखात सोडलेला बिबट्या बिथरतो. माणसावर हल्ला करणाऱ्या बिबट्याची गोष्ट वेगळी, तिथं वनखात्याने तातडीने पकडलाच पाहिजे. शेळीसाठी मात्र पिंजऱ्यापेक्षा पत्रा मागा. गोठ्यासाठी कुठली योजना चालू आहे ते रेंज ऑफिसात आणि पंचायत समितीत विचारा.

ऊसतोड चालू असताना पिल्लं सापडली तर तोड तिथंच थांबवा आणि मागे या. उचलू नका, फोटोसाठी हातात घेऊ नका. वनखात्याची माणसं पिल्लं क्रेटमध्ये घालून संध्याकाळी त्याच जागी ठेवतात आणि आई रात्री येऊन घेऊन जाते. पिल्लं हलवली तर चवताळलेली मादी तुमच्याच शिवारात फिरत राहील. एका दिवसाची तोड लांबल्याचं नुकसान सोसण्यासारखं आहे.

९. माणसावर हल्ला झाला तर

२०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत भागात बिबट्याच्या हल्ल्यात मुलं आणि वृद्ध गेली. त्या घरांचं दुःख कुठल्याही रकमेने भरून येणारं नाही. तरी घरच्यांना कागदांचं भान नसतं अशा वेळी शेजाऱ्याने काय करायचं, हे माहीत असावं.

जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने पंधरा मिनिटं धुवा, मग सरकारी रुग्णालय गाठा. रेबीजची लस घ्यावीच लागते. हळद, चुना, कॉफी जखमेत भरू नका. त्याच वेळी दुसऱ्या कुणी वनखात्याला आणि ११२ वर पोलिसांना कळवावं. मृत्यू झाला तर शवविच्छेदन करून घ्यावंच लागतं. ‘आता आणखी चिरफाड नको’ म्हणून नातेवाईक नकार देतात आणि पुढे दावाच उभा राहत नाही. २०२३ पासून मृत्यूसाठी २५ लाख रुपये आहेत. त्यातले १० लाख लगेच आणि बाकीचे वारसांच्या नावे ठेवीत. कायमच्या अपंगत्वासाठी ७ लाख ५० हजार, गंभीर जखमेसाठी ५ लाख. वारसांचे कागद, बँक खाती आणि रुग्णालयाचे मूळ अहवाल एका पिशवीत जमा करायला घरातल्या एकाच माणसाला नेमा.

रात्री पाणी भरायला एकट्याने जाऊ नका. वाकून किंवा उकिडवं बसलेला माणूस बिबट्याला लहान प्राण्यासारखा दिसतो, म्हणून शौचाला बाहेर जाणं आणि अंधारात वाकून गवत कापणं जास्त धोक्याचं. मुलं दिवेलागणीला घरात हवीत. मोबाइलवर गाणी लावा, घुंगराची काठी आपटत चला, बॅटरी पुढे-मागे फिरवा. शेतीला दिवसा वीज द्या, ही या भागाची जुनी मागणी आहे. तुमच्या ग्रामसभेत तसा ठराव झाला नसेल तर तुम्ही मांडा.

१०. पिकाचं नुकसान आणि हत्तींचा मुलूख

रानडुकरं, हरणं यांनी पीक खाल्लं तर कळवायची मुदत तीन दिवसांची आहे. पाहणीला वनखात्याबरोबर महसूल-ग्रामपंचायत आणि कृषी खात्याची माणसं असतात. पाहणी होईपर्यंत शेत नांगरू नका.

पुण्यातली काही मंडळी सिंधुदुर्गातल्या दोडामार्गकडे किंवा कोल्हापुरातल्या चंदगड-आजऱ्याकडे काजू-नारळाची बाग घेतात. तिथं २००२ पासून कर्नाटकातून हत्ती येतात. हत्ती एका रात्रीत बाग आडवी करतो आणि तिथं नारळ, सुपारी, केळी यांचा हिशेब झाडागणिक होतो. त्यामुळे बाग घेताच झाडं मोजून सातबाऱ्यावर नोंद करून घ्या. नोंद नसलेलं झाड पडलं तर ते होतं हे सिद्ध करताना दमछाक होते. हत्तीला फटाक्यांनी किंवा टेंभ्यांनी स्वतः हुसकवायला जाऊ नका. ते काम वनखात्याच्या पथकावर सोडा. आणि त्याच्या मागे मोबाइल घेऊन धावू नका.

११. फाइल हलत नसेल तर

साधारण महिन्याने रेंज ऑफिसात आवक क्रमांक घेऊन जा आणि प्रस्ताव कुठे आहे ते विचारा: वनपालाकडे, रेंजरकडे, सहायक वनसंरक्षकांकडे की उपवनसंरक्षकांकडे. मंजूर होऊन निधीसाठी थांबलाय की कागद कमी म्हणून परत आलाय, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. कागद कमी असेल तर कुठला, ते लेखी मागा. एका ऑफिसात मला तीनदा तीन वेगळे कागद सांगितले गेले होते. लेखी मागितल्यावर यादी एकदाच आली.

ही भरपाई लोकसेवा हक्क कायद्याखालच्या सेवांमध्ये आहे, त्यामुळे मुदत उलटली तर ‘आपले सरकार’वरूनच पहिलं अपील करता येतं. वकील लागत नाही. अपिलात घटनेची तारीख, कळवल्याची वेळ, पंचनाम्याची तारीख आणि आवक क्रमांक एवढ्या चारच गोष्टी लिहा, सोबत मोबाइलमधल्या त्या पहिल्या संदेशाचा स्क्रीनशॉट जोडा. फाइल नाकारली गेली तर कारण लेखी घ्या आणि त्यावर अपील करा. तोंडी नकार ऐकून घरी परतू नका.